अफूच्या विळख्यातून सुटलेला पाळक : क्षी शंगमो

व्यसनातून सुटलेल्या माणसांच्या कथा जगात पुष्कळ आहेत. परंतु स्वतः सुटल्यानंतर उरलेले सारे आयुष्य इतरांच्या सुटकेसाठी वेचणारी माणसे विरळा. उत्तर चीनच्या शान्शी प्रांतातील क्षी शंगमो हे त्या विरळा माणसांपैकी एक. कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेले पंडित, दहा वर्षे अफूच्या नळीला जखडलेले रुग्ण, आणि पुढे ख्रिस्ती मंडळीचे पाळक व अफूमुक्तीच्या आश्रयगृहांचे संस्थापक, असा त्यांचा जीवनप्रवास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉवर्ड टेलर यांच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रामुळे ते पास्टर ह्सी या नावाने जगभरच्या ख्रिस्ती घरांत परिचित झाले. प्रार्थनेने व्यसन सुटते काय, या प्रश्नाचे त्यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर मात्र वरवर वाटते तितके सरळ नाही. म्हणूनच ते आजही विचारात घेण्यासारखे आहे.

पंडिताचे घर

शान्शी प्रांताच्या दक्षिण भागात पिंगयांग नावाचे जुने शहर होते. आज ते लिनफेन या नावाने ओळखले जाते. या शहराजवळच्या एका खेड्यात १८३५च्या सुमारास क्षी यांचा जन्म झाला. घराणे सुखवस्तू व विद्याव्यासंगी होते. चार भावांत ते धाकटे. लहानपणापासून प्राचीन ग्रंथांचे पाठांतर सुरू झाले आणि वयाच्या सोळाव्या वर्षीच राज्याच्या परीक्षापद्धतीतील पहिली पदवी त्यांनी मिळवली. त्या काळच्या चीनमध्ये ही पदवी म्हणजे समाजातील मानाचे स्थान. पदवीधर पंडिताचा झगा अंगावर असला की न्यायकचेरीत शब्दाला वजन येई आणि गावकरी रस्त्यात वाट सोडून उभे राहत.

तरुण क्षी बुद्धीने तल्लख, बोलण्यात चतुर आणि स्वभावाने तापट होते. गावकऱ्यांचे अर्ज लिहून देणे, भांडणतंट्यांत मसलत देणे, खटल्यांत बाजू मांडणे यांत त्यांचा हातखंडा होता. लोक त्यांना मानत आणि थोडेसे घाबरतही असत. पण मनाला स्वस्थता नव्हती. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न त्यांना तरुणपणापासून छळत असे. पहिली पत्नी निवर्तली. आईवडील गेले, मालमत्तेच्या वाटण्या झाल्या आणि भावाभावांत दुरावा आला. तिशीच्या आसपास त्यांनी दुसरा विवाह केला. संसार पुन्हा उभा राहतो न राहतो तोच त्यांची प्रकृती ढासळू लागली.

औषध म्हणून आलेले विष

दुखण्यावर उतारा म्हणून मित्रांनी अफूची नळी ओढून पाहण्याचा सल्ला दिला. त्या काळी शान्शीत हा सल्ला अगदी सर्रास दिला जाई. पहिल्या काही झुरक्यांनी वेदना शमल्या, झोप लागली, मनावरचे मळभ दूर झाल्यासारखे वाटले. मग नळीवाचून वेदना परत येऊ लागल्या आणि त्या शमवण्यासाठी अधिक अफू लागू लागली. आजार एकीकडेच राहिला आणि अफू हाच मुख्य आजार होऊन बसला.

या विषाच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून आणि बिहार-बनारसकडची अफू कलकत्त्यातून चीनकडे रवाना होत असे. मुंबईतील अनेक मोठ्या पेढ्यांची भरभराट या व्यापारावर झाली. १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० या दोन युद्धांनंतर चीनला या व्यापारापुढे मान तुकवावी लागली. त्यानंतर चीनमध्येही खसखशीची लागवड झपाट्याने वाढली. शान्शीच्या शेतांत धान्याच्या जागी खसखस डोलू लागली आणि अफू खेडोपाडी स्वस्तात मिळू लागली.

क्षी यांच्या आयुष्यातील सुमारे दहा वर्षे अशी धुरात गेली. जमीनजुमला आटत गेला, शरीर हाडांचा सापळा झाले. एकदा तर ते आता वाचत नाहीत असे समजून घरच्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या अंगावर अंत्यविधीची वस्त्रे चढवली होती. या विद्वानाला आपली अधोगती दिसत नव्हती असे नाही. त्यांनी व्यसन सोडण्याचे प्रयत्नही केले होते. पण निश्चय करावा आणि दुसऱ्या दिवशी नळी हातात घ्यावी, हा क्रम मोडला नाही. व्यसनाधीन माणसाला उपदेशाची उणीव फारशी भासत नाही. उपदेश तो स्वतःच स्वतःला दिवसातून दहा वेळा करीत असतो.

दुष्काळ आणि निबंधस्पर्धा

१८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनवर भीषण दुष्काळ कोसळला. नव्वद लाख ते एक कोटी तीस लाख माणसे त्यात मृत्युमुखी पडली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सर्वाधिक होरपळ शान्शीची झाली. मदतीचे धान्य आणि पैसा घेऊन जे परदेशी मिशनरी तेथे पोहोचले, त्यांत यॉर्क शहरात जन्मलेले डेव्हिड हिल हे वेस्लियन पंथाचे सौम्य प्रकृतीचे गृहस्थ होते. दुष्काळ ओसरल्यावरही ते पिंगयांगला राहिले.

परदेशी माणसाबद्दल पंडितवर्गाच्या मनात तीव्र संशय होता. त्यांच्याशी संवाद साधावा कसा, याचा विचार करून हिल यांनी १८७९ मध्ये एक युक्ती योजली. परीक्षेसाठी शहरात जमलेल्या पंडितांपुढे त्यांनी नैतिक व धार्मिक विषयांवरील निबंधस्पर्धा ठेवली. संदर्भासाठी ख्रिस्ती पुस्तिका वाटल्या आणि घसघशीत बक्षिसे जाहीर केली. क्षी यांनी वेगवेगळ्या नावांनी चार निबंध धाडले आणि चारपैकी तीन बक्षिसे पटकावली.

बक्षिसाची रक्कम घ्यायला हिल यांच्या घरी जाणे मात्र त्यांच्या जिवावर आले. परदेशी माणूस चेटूक करतो, त्याच्या घरचा चहा प्यायला की मन ताब्यात जाते, अशा वदंता गावोगाव पसरल्या होत्या. अखेर धीर करून ते गेले. तेथे त्यांना भेटला साधा चिनी वेष घातलेला, शांत नजरेचा एक माणूस. त्या नजरेतील निष्कपटपणाने भीती निघून गेली, असे क्षी पुढे सांगत असत. हिल यांना चिनी ग्रंथांच्या अध्ययनात व लेखनात साह्य करणारा पंडित हवा होता. क्षी यांनी ते काम पत्करले आणि मिशनरीच्या घरातच एक खोली घेतली. खोलीतील टेबलावर नव्या कराराची प्रत होती.

सात दिवस, सात रात्री

त्या खोलीत क्षी वाचीत राहिले. येशूच्या दुःखसहनाची हकिकत वाचताना त्यांचे अंतःकरण हेलावले. गुडघे टेकून, ग्रंथ समोर ठेवून, रडत रडत त्यांनी ती वाचली आणि आपले जीवन ख्रिस्ताला वाहिले. मृत्यूची जी भीती त्यांना वर्षानुवर्षे छळत होती, तिची जागा विलक्षण शांतीने घेतली.

परंतु अफू शरीरात होतीच. श्रद्धेचा उदय झाला म्हणून तलफ आपोआप विरून गेली नाही. नवे जीवन आणि जुनी नळी एकत्र नांदू शकत नाहीत हे ओळखून त्यांनी ती एका क्षणी दूर सारली आणि मग खरा संग्राम सुरू झाला. सात दिवस व सात रात्री त्यांना अन्न गेले नाही, झोप लागली नाही. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहत होते, अंगाला कधी हुडहुडी भरे तर कधी आगीसारखा दाह होई, सांधे तुटल्यासारखे दुखत आणि मन नैराश्याच्या खोल गर्तेत जाई. अफूचे काही झुरके घेतले असते तर हे सारे त्याच घटकेला थांबले असते, आणि हीच त्यातील सर्वांत अवघड गोष्ट होती. हिल यांनी औषधे दिली, शेजारी बसून प्रार्थना केली. औषधांचा फारसा उपयोग झाला नाही.

क्षी प्रार्थना करीत राहिले. जीव गेला तरी अफूला शिवणार नाही, असे त्यांनी देवाला सांगितले. पवित्र आत्म्याने आपल्याला बळ द्यावे, एवढेच मागणे होते. अखेर अंगाची थरथर थांबली, मन निवले आणि झोप लागली. ही सुटका देवाने केली, अशी त्यांची आमरण श्रद्धा होती. आपल्याला ज्याच्याशी झुंजावे लागले तो सैतानच होता, असा अर्थ लावून त्यांनी शंगमो म्हणजे सैतानावर जय मिळवणारा हे नवे नाव धारण केले.

घरापासून आरंभ

गावी परतलेल्या क्षी यांच्याकडे लोक संशयाने पाहत होते. परदेशी माणसाने याच्यावर काही करणी केली असावी, असाच सर्वांचा समज होता. शंगमो यांनी वाद घातला नाही. व्यसनाच्या काळात आणि त्याआधी जी नाती तुटली होती, ती जोडायला ते लागले. पूर्वी घराबाहेर काढलेल्या सावत्र आईला त्यांनी सन्मानाने परत आणले आणि दुरावलेल्या भावांशी समेट केला. हे वागणे पाहून गावकऱ्यांचे मत हळूहळू पालटले.

पत्नीचा विरोध आरंभी प्रखर होता. पुढे तिला एका विचित्र आजाराने ग्रासले. प्रार्थनेची वेळ झाली की ती बेभान होई. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे ती भूतबाधा होती. शंगमो यांनी तीन दिवस उपवास करून तिच्यासाठी प्रार्थना केली. ती बरी झाली आणि तिनेही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. पुढील साऱ्या कार्यात ती पतीच्या बरोबरीने उभी राहिली.

काही काळाने खुद्द गावकऱ्यांनीच त्यांना गावचे प्रमुख होण्याची गळ घातली. देवळातील बळी व पूजाविधींत भाग घेणार नाही, या अटीवर त्यांनी ते मान्य केले आणि काम इतके चोख केले की पुन्हापुन्हा त्यांचीच निवड झाली. दहा वर्षे ज्याच्या हातात अफूची नळी होती, त्याच्या हाती गावाचा हिशेब विश्वासाने सोपवला गेला.

गोळी, अंथरूण आणि प्रार्थना

१८८०नंतरच्या वर्षांत त्यांनी तंगछुन या बाजाराच्या गावी औषधांचे दुकान थाटले. समोर औषधविक्री आणि आतल्या बाजूला उपासनेची जागा, अशी मांडणी होती. त्याच सुमारास एका खेड्यातील फान नावाच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी अफूचे व्यसनी मदतीसाठी येऊ लागले. मिशनऱ्यांनी दिलेल्या परदेशी औषधाने उपचार सुरू झाले. हा साठा संपला तेव्हा दारात आलेल्या लोकांना परत कसे धाडावे, असा पेच पडला. शंगमो यांना वैद्यकाची जाण होती. उपवास व प्रार्थना करून त्यांनी देशी वनस्पतींपासून गोळ्यांचे मिश्रण सिद्ध केले. ते गुणकारी ठरले, स्वस्तही पडले. यापुढे गोळ्या तयार करण्याच्या दिवशी उपवास करण्याचा त्यांचा प्रघात होता.

येथे त्यांच्या जीवनातील सर्वांत लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. स्वतः ते ज्या झुंजीतून निभावले तीत औषधांनी हात टेकले होते. त्यामुळे इतरांनीही केवळ प्रार्थनेनेच सुटावे, औषध मागणारा श्रद्धेत कमी पडतो, असा आग्रह त्यांनी धरला असता तर नवल नव्हते. त्यांनी तसे केले नाही. सात रात्रींची यातना त्यांना ठाऊक होती आणि ती दुसऱ्यावर लादावी असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या आश्रयगृहात आलेल्या माणसाला गोळी मिळे, ऊबदार अंथरूण व जेवण मिळे, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि गीते असत. या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे रात्री तलफ उठली की उशाशी येऊन बसणारा सोबती मिळे. हे सोबती बहुधा स्वतःच पूर्वीचे अफूबाज असत. थरथरणाऱ्या माणसाला ही रात्र सरते, एवढेच सांगायचे असते, आणि ते सांगण्याचा अधिकार तसली रात्र काढलेल्यालाच असतो.

त्या काळी अफूवरचा उतारा म्हणून चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत मॉर्फिन असे. एक व्यसन जाऊन दुसरे जडे. मिशनऱ्यांनीही आरंभी अशी औषधे वाटली आणि लोकांनी त्यांना येशूची अफू असे बोचरे नाव ठेवले होते. नुसती गोळी माणसाला सोडवत नाही, हा धडा त्यातून मिळाला. शंगमो यांनी गोळीभोवती घर उभारले, त्यामागचे मर्म हेच.

दागिन्यांचे दान

कार्य वाढत गेले. शान्शीबरोबरच शेन्शी, होनान व चिहली या प्रांतांतही आश्रयगृहे निघाली. चाळीसहून अधिक ठिकाणी हे काम पोहोचले. येणाऱ्याकडून माफक शुल्क घेऊन केंद्रे आपला खर्च आपणच भागवीत. परदेशी निधीवर विसंबायचे नाही, हा शंगमो यांचा कटाक्ष होता.

होचौ शहरात आश्रयगृह काढावे, अशी प्रार्थना ते घरच्या उपासनेत रोज करीत, परंतु पैसा नव्हता. नुसती प्रार्थनाच किती दिवस करणार, असे पत्नीने विचारले तेव्हा त्यांनी अडचण सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बांगड्या, अंगठ्या, कर्णभूषणे, केसांतील अलंकार असे सारे लग्नातले स्त्रीधन त्यांच्यापुढे ठेवले आणि हे विकून होचौचे काम सुरू करावे असे सुचवले. त्या समाजात विवाहित स्त्रीने दागिन्यांवाचून वावरणे ही लहान गोष्ट नव्हती. होचौचे आश्रयगृह त्या दागिन्यांतून उभे राहिले. पुढे या शहरात मुलींच्या शिक्षणाचे मोठे कार्य उभे राहिले. त्याविषयी मिल्ड्रेड केबल यांनी १९१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच पाळक क्षी यांच्या स्वप्नाचा उल्लेख आहे.

यशाबरोबर घावही आले. सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी फारकत घेऊन विरोधी केंद्रे काढली आणि स्वस्त गोळ्या विकल्या. शंगमो यांच्यावर हल्ले झाले. बरे होऊन गेलेल्यांतील काही जण पुन्हा नळीकडे वळले. त्यांचा स्वतःचा स्वभावही निर्दोष नव्हता. हुकमत गाजवण्याची वृत्ती आणि शीघ्रकोप अफूप्रमाणे सात दिवसांत सुटले नाहीत. केंब्रिज विद्यापीठातून १८८५ मध्ये चीनला आलेल्या सात तरुणांपैकी डिक्सन होस्ट यांनी त्यांच्यासोबत जवळजवळ दहा वर्षे काम केले. चिनी पाळकाच्या नेतृत्वाखाली इंग्रज तरुणाने सहायक म्हणून राबावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. या सहवासात शंगमो यांचा करारीपणा सौम्य होत गेल्याचे होस्ट यांनी जवळून पाहिले. १८८६ मध्ये हडसन टेलर यांच्या हस्ते शंगमो यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. चिनी लोकांच्या तोंडी सहज बसतील अशी अनेक भक्तिगीतेही त्यांनी रचली.

अविरत प्रवास, उपवास आणि जबाबदाऱ्यांनी शरीर थकले होते. काही महिन्यांच्या अशक्तपणानंतर १९ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्यांना प्रथम नवा करार देणारे डेव्हिड हिल हेही त्याच वर्षी एप्रिल महिन्यात हांखौ येथे निवर्तले.

आजच्या रुग्णासाठी

अफूची जागा आज हेरॉईन, ब्राऊन शुगर, वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शने यांनी घेतली आहे. व्यसन हा मेंदूवर परिणाम करणारा दीर्घकाळचा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने आता सिद्ध केले आहे. अफूवर्गातील पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी परिणामकारक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. दारू किंवा झोपेच्या काही गोळ्या एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. काही काळ दूर राहिल्यावर पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर कमी झालेली असते. म्हणून शंगमो यांच्या सात रात्रींचे अनुकरण कोणी घरी एकट्याने करू नये. त्यांनी स्वतःच्या आश्रयगृहात आलेल्या एकाही माणसाला तसे एकटे सोडले नव्हते.

प्रार्थनेचे स्थान त्यामुळे उणे होत नाही. देवाने आपल्याला टाकून दिले आहे, ही भावना व्यसनी माणसाला आतून पोखरत असते. तिला प्रार्थना उत्तर देते. शंगमो यांच्या आश्रयगृहात संध्याकाळच्या उपासनेला बसणाऱ्या माणसाची अफू पूर्ण सुटलेली नसे. कोणाचे हात कापत असत, कोणी आदल्या महिन्यात घसरून पुन्हा आलेला असे. स्वच्छ होऊन ये, मग देवापुढे बस, अशी अट तेथे नव्हती. जो जसा आहे तसा बसे, गीत म्हणे आणि रात्रीची गोळी घेऊन निजे.

बरे होण्याच्या वाटेवरील ख्रिस्ती रुग्णाने, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या आईने, पत्नीने, मंडळीने या चरित्रातून एवढे घ्यावे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे आणि पुन्हा घसरणे हा शेवट नव्हे. प्रार्थना करणाऱ्याने रुग्णाच्या अंथरुणाजवळ बसण्याचीही तयारी ठेवावी. होचौच्या त्या गृहिणीने पतीच्या रोजच्या प्रार्थनेत आपले दागिने घातले, तेव्हा त्या प्रार्थनेला दार, भिंती आणि छप्पर लाभले.